मनिरामचा सर्व्हो आणि शकुनचा अंगठा

मनिराम वलथरे याला एकोडीत कुणी मिस्त्री म्हणतं, कुणी इंजिनेर म्हणतं, आणि त्याची आई आनंदाबाई त्याला बिघडवणारा म्हणते. आईचं म्हणणं सगळ्यात जुनं आहे. सातव्या वर्षी त्याने घरातला रेडिओ उघडला होता, आणि तो रेडिओ अजून उघडाच आहे.

पोटासाठी तो तुमसरच्या एका राईस मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. एकोणीस वर्षं झाली. सहा दिवस तुमसर, शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलीने एकोडी, सोमवारी पहाटे परत. दहावीला इंग्रजीने त्याला दोनदा आपटवलं, पण मिलमधल्या परदेशी मशिनींची जाडजूड पुस्तकं तो बोट ठेवून ठेवून वाचतो, आणि शेवटी मशीन चालू होते. पुस्तकातलं नेमकं काय कळलं ते मात्र त्याला सांगता येत नाही. घरी त्याच्या खाटेखाली मोटरी, माळ्यावर पट्टे, आणि धान्याच्या कोठीत धान्य सोडून बाकी सगळं. हौसेला मोल नाही म्हणतात. जागा मात्र लागते, आणि ती नेहमी बायकोच्या भांड्यांची जाते.

या मोटरींत त्याचा जीव अडकला तो सर्व्होवर. साध्या मोटरीला फक्त पळता येतं. सर्व्होला थांबता येतं. किती फिरायचं, किती जोर लावायचा, आणि नेमकं कुठे थांबायचं हे तिला सांगणारा एक डबा असतो, त्याला ड्राइव्ह म्हणतात. वेळेवर थांबणं ही मोठी विद्या आहे. गावात ती सरपंचाच्या भाषणापासून भजनी मंडळाच्या पेटीवाल्यापर्यंत कुणालाच साधलेली नाही, त्यामुळे मनिरामला त्या डब्याचं भारी कौतुक होतं.

आता शिंगाड्यांबद्दल सांगायला हवं. मनिरामचं घर ढिवराचं, म्हणजे मासेमाराचं. गावच्या तलावात मासे आणि शिंगाडे दोन्ही सोसायटीचे. दसऱ्याच्या मागेपुढे तोडणी सुरू होते ती थंडीभर चालते. पुरुष छातीभर पाण्यात उतरतात, वेल उलटे करून शिंगाडे तोडतात, पोती काठावर आणून टाकतात आणि बिडी पेटवतात. तिथे पुरुषांचं काम संपतं. उकडणं, सोलणं, बाजारात नेऊन विकणं हे बायकांचं. असं कुणी ठरवलं ते कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे ते मोडायचं तर परवानगी कुणाची घ्यायची हेही ठाऊक नाही. सोमवारच्या बाजारासाठी रविवारी दिवसभर घरोघरी सोलणी चालते. शिंगाड्याला दोन बाजूंना दोन काटे असतात, आणि ते सोलणाऱ्या बाईचा मुलाहिजा ठेवत नाहीत.

मनिरामची बायको शकुन चोवीस वर्षं सोलत होती. तिच्या उजव्या अंगठ्याने एक दिवस असहकार पुकारला. वाकवला की वाकलेलाच राहायचा, मग डाव्या हाताने ओढला की टक् असा आवाज करून सरळ व्हायचा. साकोलीच्या डॉक्टरांनी तो चारदा टक् करून पाहिला आणि सांगितलं, "बाई, शिंगाडे सोलणं बंद करा. नाही तर हा असाच वाकलेला राहील. मग ऑपरेशन. आणि त्यानंतरही पहिल्यासारखा चालेल याची हमी मी देत नाही."

"मी बंद करीन," शकुन म्हणाली, "मंग सोलन कोन?"

डॉक्टरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. मनिराम तिथेच उभा होता. त्याला हा प्रश्न मोटरीचा वाटला.

योग असा की त्याच महिन्यात मिलच्या शेठनी तांदळाची पोती भरणारी जुनी परदेशी मशीन काढून नवी बसवली. जुनीमध्ये ड्राइव्हचे निळे डबे होते. त्या कंपनीला मिलमध्ये सगळे निळी कंपनीच म्हणत. खरं नाव इथे घेण्यात अर्थ नाही, ती वकील बाळगून आहे. ज्या डब्याला हात लावायला कंपनीचा माणूस विमानाने नागपूरला उतरून, गाडी करून, मिनरल वॉटर पीत तुमसरला यायचा, तो डबा आता भंगारवाल्याकडे कूलरच्या फुटक्या टाक्यांखाली पडला होता. मनिरामने एक डबा आणि त्याची मोटर किलोच्या भावाने उचलली. भंगारवाल्याने वर एक स्टूल भेट दिलं.

चौदा महिन्यांचे रविवार त्याने त्यात घातले. जुन्या अँगलची चौकट, लोहाराकडून घडवून आणलेलं पातं, शिंगाडा बसेल अशा वाट्या. सगळी करामत थांबण्यात होती. प्रत्येक शिंगाडा वेगळ्या अंगाचा. पातं साल दाबत जायचं, साल तडकली की पात्याला लागणारा जोर एकदम कमी व्हायचा, डब्याला ते कळायचं आणि पातं तिथेच थबकायचं. आतल्या गराला ओरखडा नाही. शकुनने फक्त वाटीत शिंगाडा ठेवायचा आणि तडकलेली साल झटकून टाकायची. लवकर धरलेल्या शिंगाड्यांवर त्याने मशीन चालवली तेव्हा गावातली अर्धी माणसं पाहायला आली आणि उरलेली अर्धी, हे टिकणार नाही असं सांगायला आली. अकरा दिवस शकुनच्या अंगठ्याने सुटी घेतली. खुशबू, म्हणजे त्यांची मुलगी, साकोलीच्या कॉलेजात शिकते. तिने मशीनचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. व्हिडिओत आजी आनंदाबाई मागून म्हणत होती, "हात नको घालजो त्यात."

बाराव्या दिवशी दसरा आला.

दसऱ्याला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा. जाळी, विळे, डोंगा, शिलाई मशीन, मोटरसायकल, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून. आनंदाबाईचा जन्म भंडाऱ्याची पितळी भांडी घासण्यात गेलेला. चिंच आणि चुलीतली राख या दोन गोष्टींवर तिचा देवाइतका विश्वास. मनिराम तलावाकडे डोंगा धुवायला गेला होता, तेवढ्यात तिने मशीन पूजेला काढली. निळ्या डब्याच्या अंगावर एक मळकट पाटी होती, बारीक अक्षरांनी भरलेली. देवापुढे असं मळकट कसं ठेवायचं. तिने चिंच लावली, राख लावली, आणि पाटी अशी घासली की तिच्यावर एक अक्षर शिल्लक राहिलं नाही. मोटरीपाशी एक बारीक वायर लोंबत होती, तिच्या टोकाला गोळीएवढा सेल. बाई शिस्तीची. तिने तो काढून हळदीच्या करंड्यात ठेवला. मग झेंडूची माळ, आपट्याचं पान, नारळ.

संध्याकाळी मनिरामने बटण दाबलं. डब्यावर लाल अंक लुकलुकले आणि मोटर जागची हलली नाही.

"एवढी चकचकीत केली," आनंदाबाई म्हणाली, "तरी तुयं तोंड वाकडंच."

वीज नसताना आपण कुठे उभे आहोत हे मोटरीला त्या गोळीएवढ्या सेलवर आठवत राहतं. सेल निघाला, आठवण गेली. सेल परत लावून भागत नाही. आठवण गेलेली मोटर कंपनीच्या लॅपटॉपने आणि कंपनीच्या पासवर्डनेच ठिकाणावर येते. पाच मिनिटांचं काम. पुस्तकात त्या पानावर एवढंच लिहिलं होतं, की उत्पादकाशी संपर्क साधावा. मनिरामला हायसं वाटलं, कारण उत्पादकाशी त्याची ओळख जुनी होती.

दहा वर्षं तो त्याच नंबरवर मिलच्या नावाने फोन करत होता. दुसऱ्या घंटीला उचलायचे. मनिरामजी, कसे आहात, जेवण झालं का. दिवाळीला निळ्या कागदात डायरी यायची. एकदा तर त्यांच्या साहेबाने वायर उलटी जोडली होती, ती मनिरामने सुलटी करून दिली, आणि साहेबाने ती आपल्या अहवालात स्वतःच्या नावावर लिहिली. एवढा घरोबा. आता त्याने घरून फोन लावला, तेव्हा आधी अकरा मिनिटं बासरी वाजली.

"नमस्कार सर, मी ज्योत्सना बोलतेय. कुठल्या कंपनीतून बोलताय?"

"कंपनीतून नाई मॅडम, घरून बोलून राहिलो. एकोडी. तालुका साकोली."

पलीकडे बोटं वाजली. "सर, उद्योगाचा प्रकार काय टाकू?"

"शिंगाडे."

"तो पर्याय येत नाहीये सर." ज्योत्सना मॅडमचा आवाज खरोखर गोड होता. "मी 'हौशी वापरकर्ता' असं टाकू का? म्हणजे पुढे जाता येईल."

पुढे जाता येईल म्हटल्यावर मनिराम हो म्हणाला. माणूस फसतो तो असाच, पुढे जायच्या नादात.

"सर, हौशी वापरकर्त्यांना आपल्याकडे सपोर्ट नाही. मी आणखी काही मदत करू शकते का?"

मनिरामने तिला सगळं सांगितलं. मिल, भंगार, पातं, दसरा, शकुनचा अंगठा, डॉक्टर. तिने मध्ये न बोलता ऐकलं, आणि काकूंचा अंगठा आता कसा आहे असं विचारलंही. मुलगी वाईट नव्हती. तिच्यासमोरच्या पडद्यावर अंगठ्यासाठी चौकोन नव्हता, एवढंच. शेवटी ती म्हणाली, "सर, असं करू. डब्यावरच्या पाटीवर सिरियल नंबर असेल, तो द्या. मी तुमची विनंती नोंदवून घेते. म्हणजे ती रीतसर नाकारता येईल."

मनिराम पाटीपाशी गेला. पाटीत त्याला स्वतःचं तोंड दिसलं.

"नंबर नाई मॅडम. मायनं घासला."

"कुणी सर?"

"माया आईनं. चिंच लावून."

पलीकडे बोटं वाजायला लागली आणि थांबली. मग ज्योत्सना मॅडमने सांगितलं की नंबर नसेल तर विनंती नोंदवता येत नाही, नोंदवली नाही तर नाकारता येत नाही, आणि नाकारली नाही तर वरच्या साहेबांकडे तक्रार करता येत नाही. म्हणजे कंपनीचा नकार मिळवायलाही मनिराम लायक ठरला नव्हता. फोन ठेवल्यावर लगेच संदेश आला, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच. बिचारीने ऐकून तरी घेतलं, असं म्हणून त्याने पाच दाबलं. आपल्याकडे दारातून रिकाम्या हाताने परतणारा माणूससुद्धा येतो जी म्हणूनच निघतो.

मग त्याने शेठना गाठलं. मिलच्या नावाने एक तक्रार टाकू द्या, कंपनीचा माणूस आला की बाजूला हेही पाच मिनिटांत करून घेतो. शेठ एरवी सढळ माणूस, पण त्यांनी दार लोटून घेतलं. नवी मशीन घेताना कंपनीने सूट दिली होती, ती जुनी मशीन पूर्ण नष्ट केल्याच्या अटीवर. शेठनी सहीशिक्क्यासकट तसं लिहून दिलं होतं. नष्ट केलेल्या मशीनचा डबा एकोडीत शिंगाडे सोलतोय हे कंपनीला कळलं असतं तर शेठची पंचाईत होती.

"तो डबा मेलेला आहे, मनिराम," शेठ म्हणाले.

"जिता आहे जी. लाल बत्ती मारून राहिला."

"कागदावर मेलेला आहे. मेलेल्याला फोन करायला लावू नको."

मनिरामने हार मानली नाही. या माणसाचं कौतुक करावं की त्याला दोन थोबाडीत द्याव्यात हे आजपर्यंत गावाला ठरवता आलेलं नाही. तो दर रविवारी फोन लावायचा. कधी ज्योत्सना मॅडम, कधी दुसरं कुणी, बासरी मात्र तीच. त्याने नागपूरच्या अधिकृत विक्रेत्याला विचारलं, तो म्हणाला नवा घ्या. त्याने इंटरनेटवर परदेशातल्या हौशी लोकांच्या एका जागेवर खुशबूकडून इंग्रजीत लिहून घेतलं. तिथे चार देशांतल्या सात माणसांनी कळवलं की आमचाही डबा असाच पडला आहे, काही कळलं तर आम्हालाही सांगा. पालथ्या घड्यावर पाणी घालणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, हे त्याला तेव्हा समजलं.

इकडे तोडणी भरात आली होती. पोती येत होती, सोलल्याशिवाय त्यांचा पैसा होत नव्हता, आणि शकुन पुन्हा विळा घेऊन बसली होती. अंगठ्याला तिने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. कॉलेज नसेल तेव्हा खुशबू मदतीला बसायची, पण तिचा हात हळू. रविवारचं चित्र ठरलेलं. अंगणात शकुन सोलत बसलेली, आणि तिच्यापासून दोन हातांवर स्टुलावर बसून मनिराम तिच्याच अंगठ्यासाठी फोनवर भांडत असलेला. मध्येच ती बासरीला कंटाळून म्हणायची, "जरासा बारीक करा जी तो आवाज." तो बारीक करायचा.

कार्तिकात एक फोन उलटा आला. कंपनीकडून.

बोलणारा वीरेंद्र नावाचा तरुण होता, कंपनीच्या जाहिरात विभागातला. खुशबूचा व्हिडिओ कुणीतरी कुणालातरी पाठवत पाठवत थेट त्याच्या साहेबापर्यंत पोचला होता. त्यांनी नोंदी काढून पाहिल्या, तर हाच ग्राहक सेवेबद्दल पाचपैकी पाच समाधानी. एका गावातल्या कुटुंबाचं आयुष्य निळ्या कंपनीने कसं बदललं यावर त्यांना दोन मिनिटांची फिल्म करायची होती.

"पण मशीन बंद आहे साहेब," मनिराम म्हणाला.

"ते आपण आल्यावर बघू ना काका."

म्हणजे कंपनी येणार होती. मनिरामने शकुनला सांगितलं, "आता पाहाय. घरी येऊन चालू करून देतीन." त्या आठवड्यात तुमसरच्या मिलमध्ये त्याला कुणीही रागावलं तरी तो हसत होता. शकुनने अंगण सारवलं. आनंदाबाईने पाटी पुन्हा एकदा घासली.

रविवारी सकाळी पांढरी गाडी आली. वीरेंद्र, एक कॅमेरावाला, छत्र्या, तारा, पांढरे पडदे. गाव गोळा झालं. सोसायटीचे अध्यक्ष परसराम पांढरी टोपी घालून येऊन बसले, फिल्ममध्ये लागलंच तर तयार असावं म्हणून. वीरेंद्रला सगळंच आवडलं. तलाव आवडला, डोंगा आवडला, डब्यावरचं वाळलेलं कुंकू तर फारच आवडलं. "हे पुसू नका हां काका. हे सोनं आहे." मग त्याने मशीन चालू करायला सांगितली. मनिरामने बटण दाबलं, लाल अंक लुकलुकले, आणि मनिराम हात बांधून बाजूला झाला, जसा डॉक्टर आल्यावर घरचा माणूस होतो.

वीरेंद्रने लाल अंकांकडे पाहिलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला, गावाला आपलं वजन दिसावं म्हणून. बासरी वाजली. गावातल्या चार पोरींनी ती सोबत गुणगुणली, त्यांना आता पाठ होती.

"नमस्कार, मी ज्योत्सना बोलतेय. कुठल्या कंपनीतून बोलताय सर?"

"अगं, मी वीरेंद्र, जाहिरात विभाग. आपल्याच कंपनीतून."

"कस्टमर नंबर सांगाल सर?"

"आपली कंपनी आपली कस्टमर कशी असेल?"

"मग नंबरशिवाय पुढे जाता येत नाहीये सर." बोटं वाजली. "मी 'हौशी वापरकर्ता' असं टाकू का?"

परसरामनी टोपी काढून तोंडावर धरली. मनिराम हसला नाही. त्याने पुढे होऊन फोनमध्ये म्हटलं, "मॅडम, मी मनिराम. एकोडीवरून. तो डबा आता तुमच्याच साहेबापुढं आहे. तेच पाहून राहिले."

"नमस्कार मनिरामजी," ज्योत्सना मॅडम म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखर खाली गेला. "सिरियल नंबर सापडला का हो?"

वीरेंद्रने फोन बंद केला. गडी कामाचा होता, अडून बसणारा नव्हता. दोन मिनिटं कॅमेरावाल्याशी कुजबुजून तो परत आला. "काही हरकत नाही काका. चालू असल्यासारखं दाखवू. पातं तुम्ही मागून हाताने ओढा, वेग आम्ही नंतर वाढवू. फक्त इथे, मशीनच्या पुढे, सोललेल्या शिंगाड्यांचा मोठा ढीग लागेल. पांढरा शुभ्र. दोन टोपल्या तरी. मिळेल ना?"

मनिराम काही म्हणायच्या आत शकुन उठली होती. पाहुणे लांबून आले होते, त्यांनी काही मागितलं आणि घरात ते नाही असं होऊ द्यायची तिची रीत नव्हती. तिने पोतं ओढलं, विळा घेतला, भिंतीच्या आडोशाला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने बसली आणि सोलायला लागली. कॅमेरावाला पडदे लावत होता. वीरेंद्र परसरामना टोपी सरळ करायला सांगत होता. मनिराम पात्याची दांडी धरून उभा होता.

टक्.

त्याने मान वळवली. शकुनने डाव्या हाताने अंगठा ओढून सरळ केला होता. तिने पुढचा शिंगाडा घेतला, दोन काटे चुकवले, साल काढली, गर टोपलीत टाकला. चौथ्या शिंगाड्याला पुन्हा अंगठा अडकला, पुन्हा तिने तो ओढला. चिंधी एका बाजूने लाल झाली होती. ती कण्हत नव्हती, तोंड वाकडं करत नव्हती. इतक्या महिन्यांत मनिरामने त्या अंगठ्यासाठी लोहार पाहिला, भंगारवाला पाहिला, शेठ पाहिले, चार देशांतले सात हौशी पाहिले. अंगठ्याकडे त्याने आज पाहिलं. दर रविवारी तो तिच्यापासून दोन हातांवर बसत होता, आणि फोनला लावला नव्हता तो हात मांडीवर रिकामा पडलेला असायचा.

त्याला लाज वाटली. कंपनीची नाही, वीरेंद्रची नाही, स्वतःची. ती इतकी सरळ आणि इतकी मोठी लाज होती की तिच्यापुढे उभं राहणं त्याला जमेना.

त्याने दांडी सोडली आणि जाऊन तिच्यासमोर खाली बसला. "विळा आण इकडे."

"कायले जी?" शकुनने विळा मागे घेतला. "लोक पाहून राहिले."

"पाहू दे. आण."

त्याने विळा घेतला. पहिल्या शिंगाड्याचे सालीसकट दोन तुकडे झाले. दुसऱ्याचा काटा तळहातात गेला. अंगणाच्या कडेला बसलेल्या पुरुषांच्या बिड्या तोंडातच थांबल्या.

"मनिराम," परसराम म्हणाले, "हे काय करून राहिला गा?"

"शिंगाडे सोलून राहिलो."

"बायकोचं बोट चाललं नाई तं भावकीतली बाई सांगायची होती ना गा."

"बाई कायले? मले हात नाई का?"

परसरामना हे उत्तर पटलं नाही, पण त्यातली चूक काढायला गेले तर ती त्यांना सापडेना. वीरेंद्र घाईने आला. "काका, तुम्ही मशीनजवळ पाहिजे. ऊन जाईल. आणि असं हाताने सोलताना कुणी दिसलं तर फिल्मचा अर्थच जातो ना."

"तुमाले ढीग पाहिजे ना साहेब," मनिराम वर न पाहता म्हणाला. "दुसरा विळा त्या कोनाड्यात हाय. बसा."

वीरेंद्रने कोनाड्याकडे पाहिलं, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि तलावाचे फोटो घ्यायला निघून गेला. दुपारपर्यंत मनिरामची अर्धी टोपलीही झाली नव्हती, आणि तिच्यातला गर पांढरा शुभ्र नव्हता, तुकड्या-तुकड्यांचा आणि मधूनमधून लाल होता. गाडी साडेबाराला गेली. फिल्म झाली की नाही ते माहीत नाही. मनिरामला त्या संध्याकाळी संदेश मात्र आला, आमच्या भेटीबद्दल आपण किती समाधानी आहात. तो त्याने पाहिला नाही, हात मोकळे नव्हते.

गाडी गेल्यावर गावही पांगलं. अंगणात दोघंच राहिली. शकुन समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून. चोवीस वर्षांत ती पोत्यासमोर अशी कधी बसली नव्हती, आणि हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. मनिराम शिंगाडा उलटसुलट करून पाहत होता.

"डोक्याकडून नाई," ती म्हणाली. "बाजूनं लावा विळा. हां. आता दाबू नका, फिरवा."

त्याने फिरवला. साल अख्खी निघाली, गर अख्खा हातात आला. त्याने तो टोपलीत टाकला आणि तिच्याकडे पाहिलं. शकुन हसली नाही. ती टोपलीतल्या त्या एका अख्ख्या शिंगाड्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"हे तं तवाच जमलं असतं जी," ती म्हणाली. "तुमी मोटर आनली तवाच."

पोतं अजून अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. त्याने पुढचा शिंगाडा घेतला.